तुम्ही विचारलंत : संस्कृत की जर्मन, आणि इंग्रजीचं काय?

आठवी आणि अकरावीच्या वर्गांत भाषा निवडायची वेळ आली की पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न निवडले आहेत. उत्तरं शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी आणि परदेशी भाषा शिकवणाऱ्या आमच्या सल्लागारांनी दिली आहेत.

मुलगी आठवीत जाते आहे. शाळेत संस्कृत किंवा जर्मन यांपैकी एक घ्यायची आहे. संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात म्हणून घरचे संस्कृतच्या बाजूने. तिला मात्र जर्मन हवी आहे. पुढे उपयोग कशाचा?
— एक पालक, धरमपेठ

गुणांचा मुद्दा आधी निकालात काढू. दहावीच्या पातळीवर दोन्ही विषयांत भरपूर गुण मिळतात. व्याकरण ठरावीक, उतारे ओळखीचे, प्रश्नांची धाटणी दरवर्षी तीच. नियमित अभ्यास करणाऱ्या मुलीला नव्वदच्या पुढे जायला अडचण येत नाही. तेव्हा गुणांवरून निवड करण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न तासांचा आहे. शाळेत आठवड्याला चार तासिका, एक तासिका पस्तीस मिनिटांची आणि सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वगळून वर्षाला तीस आठवडे धरा. वर्षाला १२० तासिका होतात, म्हणजे सत्तर तास. तीन वर्षांचे झाले दोनशे दहा. जर्मनसारख्या युरोपीय भाषांच्या पायऱ्या सोप्यापासून अवघडापर्यंत ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा आहेत. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ४५ मिनिटांचा एक पाठ धरला तर अगदी सुरुवातीपासून मोजून ए-१ ला ८० ते २००, ए-२ ला २०० ते ३५० आणि बी-१ ला ३५० ते ६५० पाठ लागतात. शाळेचे दोनशे दहा तास म्हणजे असे २८० पाठ. दहावी होईतो मुलगी ए-२ च्या आसपास पोहोचते. स्वतःची ओळख करून देणं, खरेदी, रस्ता विचारणं, साधं पत्र लिहिणं एवढं जमतं. नोकरी किंवा पदवीचं शिक्षण त्यावर होत नाही. शाळेतली जर्मन म्हणजे पाया भरून झाला, घर अजून बांधायचं आहे.

आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. अकरावी-बारावीत नीट-जेईईच्या शिकवण्या सुरू होतात, जर्मनचं पुस्तक बंद होतं आणि दोन वर्षांत निम्मे शब्द पुसले जातात. म्हणून जर्मन घेणार असाल तर आतापासून एक गोष्ट ठरवा. दहावीच्या आत किशोरवयीन मुलांसाठी असलेली गोएथेची 'फिट इन डॉइच' परीक्षा द्यायची, आधी ए-१ आणि जमलं तर ए-२. शंभरपैकी साठ गुणांना ती पास होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. शाळेच्या लेखी परीक्षेत बोलण्याची कसोटी फारशी लागत नाही, ती इथे लागते.

शाळेला तीन प्रश्न विचारा. जर्मनचे शिक्षक कायम आहेत की दरवर्षी बदलतात? वर्गात ध्वनिफिती ऐकवतात की सगळं फळ्यावरच? दहावीनंतर ही भाषा नागपुरात कुठल्या कनिष्ठ महाविद्यालयात पुढे घेता येते? पहिल्याच प्रश्नाला शाळा गडबडली तर बिनदिक्कत संस्कृत घ्या. शिक्षकच नसलेली जर्मन कागदावरची असते. संस्कृत घेतलेल्या मुलांना विभक्ती आणि लिंग-वचनाचा मेळ अंगवळणी पडतो, पुढे जर्मन शिकताना तो कामी येतो. शिक्षक चांगले असतील तर मात्र मुलीचं ऐका. तेरा वर्षांच्या मुलीला एखादी भाषा आपणहून हवीशी वाटणं ही छोटी गोष्ट नाही.

घरी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, पण शब्दाशब्दाला जुळत नाहीत. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची 'झोनं' स्त्रीलिंगी. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचा 'टिश' पुल्लिंगी. 'मेट्शन' म्हणजे मुलगी तर चक्क नपुंसकलिंगी. मुलं पहिल्या वर्षी नुसता शब्द पाठ करतात, त्याचं लिंग दाखवणारे 'डेअर, डी, डास' सोडून देतात आणि नववीत विभक्ती सुरू झाली की सगळं कोसळतं, कारण पुढचं प्रत्येक रूप त्या लिंगावर उभं असतं. वहीत पुल्लिंगी शब्द निळ्या, स्त्रीलिंगी लाल आणि नपुंसकलिंगी हिरव्या शाईने लिहायचे. शब्दाशेजारी त्याचं अनेकवचनही त्याच दिवशी लिहायचं. हे पहिल्या आठवड्यापासून केलं तरच उपयोग, नंतर दुरुस्ती करणं फार जिकिरीचं.

मी नववीत, सेमी इंग्रजीला आहे. इंग्रजीत सत्तरच्या वर गुण असतात. वाचलेलं समजते, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही.
— विद्यार्थी, काटोल

तुझं इंग्रजी आतापर्यंत डोळ्यांनी आणि हातांनी शिकून झालं आहे. तोंडाला कामच मिळालं नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुझी आठ वर्षं झाली. पण त्यात तू स्वतः मोठ्याने बोललेली वाक्यं मोजली तर फार भरणार नाहीत. उपाय साधा आहे, फक्त रोज करावा लागतो.

पाठ्यपुस्तकातला आठ-दहा ओळींचा उतारा घे. नवीन नको, वर्गात शिकवून झालेला घे, म्हणजे अर्थ शोधण्यात वेळ जाणार नाही. दोनदा मोठ्याने वाच. तिसऱ्यांदा फोनवर ध्वनिमुद्रण करत वाच आणि ते ऐक. मग पुस्तक मिट आणि उताऱ्यात काय होतं ते पाच वाक्यांत सांग, तेही मुद्रित कर. अडलास तर मराठी शब्द घालून पुढे जा, थांबू नकोस. ऐकताना जिथे मराठी शब्द आला किंवा वाक्य मोडलं ते वहीत लिही, बरोबर वाक्य पुस्तकात शोध आणि तेवढंच तीनदा म्हण. सगळं मिळून वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी नवीन उतारा घेण्याआधी कालची पाच वाक्यं न बघता सांगायची. मुलं ही शेवटची पायरी गाळतात आणि महिनाभराने म्हणतात की काही फरक पडला नाही.

आता आपल्याकडच्या चुकांविषयी. नागपुरी बोलीत एक मोठी सोय आहे. 'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत जाऊन राहिलो' यांतला फरक तुला न शिकवता कळतो. रोजचं ते 'आय गो', आत्ता चालू असलेलं ते 'आय अ‍ॅम गोइंग'. पाठ्यपुस्तकातले काळाचे तक्ते पाठ करण्यापेक्षा हे 'करतो' आणि 'करून राहिलो' मनात धर, साधा वर्तमान आणि चालू वर्तमान यांत गल्लत होणार नाही. पण हीच सोय एका ठिकाणी दगा देते. आपण 'मले समजून राहिलं' म्हणतो, म्हणून मुलं 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' म्हणतात. इंग्रजीत समजणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं, जवळ असणं ही क्रियापदं सहसा चालू काळात येत नाहीत. 'आय अंडरस्टँड', 'आय नो', 'आय वाँट', 'आय लाइक', 'आय हॅव'. ही पाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

दुसरी हमखास चूक भूतकाळात. 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. 'डिड यू गो', 'डिड यू वेंट' नाही. नकाराचंही तेच, 'आय डिडन्ट सी'. तिसरी चूक उच्चाराची. मराठीत एकच 'व', इंग्रजीत दोन. 'व्हॅन'मधला व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'वॉटर'मधल्या व ला दात कुठेच लागत नाहीत, ओठ गोल होतात. आरशासमोर उभं राहून दोन्ही म्हणून पाहा.

ऐकण्यासाठी आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रं चांगली. उच्चार स्पष्ट असतो आणि निम्म्या बातम्या आदल्या दिवशी मराठी पेपरात वाचलेल्या असतात. बाहेरचं उच्चारण ऐकायला चित्रपट आहेतच, पण सुरुवात तिथून केलीस तर पहिल्या दहा मिनिटांत खचशील.

एक सांगायला हवं. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाल्या वर्गांना आई-वडिलांनी पैसे भरायची गरज नाही. वर्ग लावायचाच तर आधी एक तास मागच्या बाकावर बसून बघ. तासाभरात विद्यार्थी किती मिनिटं बोलतात आणि सर किती, ते घड्याळ लावून मोज. सरच पन्नास मिनिटं बोलत असतील तर घरी ये.

मोबाइलच्या अ‍ॅपवर रोज स्पॅनिश शिकतो. शंभर दिवसांवर सलग झाले. प्रमाणपत्राची परीक्षा देऊ का?
— विद्यार्थी, मानेवाडा

एवढ्यावर नको. अ‍ॅपने शब्द आणि सवय मिळते, पण त्यात बहुतेक वेळा समोरच्या पर्यायांतून निवडायचं असतं. परीक्षेत कोऱ्या कागदावर वाक्य लिहायचं असतं आणि समोर बसलेल्या माणसाला उत्तर द्यायचं असतं. एक कोरा कागद घे आणि न बघता स्वतःच्या कुटुंबाविषयी स्पॅनिशमध्ये दहा वाक्यं लिहून पाहा. जमली तर ए-१ ची तयारी सुरू करायला हरकत नाही. तीन-चारवरच अडलास तर आधी ए-१ चं एखादं पुस्तक सरावसंचासकट पूर्ण कर.

आमच्या गावी ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर बघायला जपानहून लोक येतात. मला जपानी शिकायची आहे. नववीत आहे. कुठून सुरुवात करू, कुठली परीक्षा असते?
— विद्यार्थिनी, कामठी

सुरुवात लिपीपासून. हिरागानाची ४६ मूळ अक्षरं, काताकानाची ४६. रोज पाच अक्षरं धरलीस तर एक लिपी दहा दिवसांत हाताखाली येते. रेघा कुठून कुठे ओढायच्या याचा क्रम ठरलेला असतो, तो पहिल्यापासून पाळ. पुढे कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, लिहिताना क्रम चुकला तर अक्षराचा तोलच जातो. काताकानात 'शि' आणि 'त्सु', तसंच 'सो' आणि 'न' या जोड्या सगळ्यांना चकवतात. 'शि' आणि 'न' मधल्या छोट्या रेघा आडव्याकडे झुकलेल्या आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु' आणि 'सो' मध्ये छोट्या रेघा उभ्याकडे झुकलेल्या आणि लांब रेघ वरून खाली येते. या चार अक्षरांना एक अख्खा दिवस दे.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचा मोह होईल. पहिले दोन आठवडे चालेल, नंतर बंद कर. ज्यांची वही देवनागरीतच राहते त्यांना सहा महिन्यांनी जपानी पाटीही वाचता येत नाही.

व्याकरणात तुला घरच्यासारखं वाटेल. 'वाताशि वा रिंगो ओ ताबेमासु' म्हणजे 'मी सफरचंद खाते'. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम मराठीचाच आणि आपल्या प्रत्ययांसारखे त्यांचे 'वा', 'ओ', 'नि' नामाच्या मागे लागतात. इंग्रजीतून भाषांतर करत शिकलीस तर हा फायदा हातचा जाईल. मराठीतूनच विचार कर.

परीक्षेचं नाव जेएलपीटी. सर्वांत सोपी पातळी एन-५, सर्वांत अवघड एन-१. भारतात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि अर्जाची मुदत काही महिने आधीच संपते. पुणे आणि मुंबई ही केंद्रं आहेत, तेव्हा रेल्वेचं आरक्षण अर्जाबरोबरच करून टाक. एन-५ ला १८० पैकी ८० गुण हवेत, शिवाय भाषाज्ञान आणि वाचनात १२० पैकी ३८, ऐकण्यात ६० पैकी १९ स्वतंत्रपणे हवेत. ऐकण्यातच जास्त मुली अडकतात, कारण संवाद एकदाच वाजतो. सराव करताना मागे नेऊन पुन्हा ऐकायची सवय लावू नकोस.

या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं नाही, सगळे प्रश्न पर्यायांचे. त्यामुळे एन-४ चं प्रमाणपत्र हातात असून दोन मिनिटं बोलता न येणारी मुलं सापडतात. १९९९ मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस तुझ्या घराजवळ आहे. आलेल्या पाहुण्यांशी चार वाक्यं बोलायची संधी इतर गावांतल्या मुलांना मिळत नाही. तेवढ्यावर गाइडचा व्यवसाय उभा राहील असं मात्र धरू नकोस. जपानीच्या जोरावर नोकरी हवी तर निदान एन-३, दुभाषाच्या कामाला एन-२ धरून चाल. ते बारावीनंतरचं काम आहे. दहावीपर्यंत एन-५ झाली तर उत्तम चाललं आहे असं समज.

राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. मुलगी दहावीत आहे, तिला नर्सिंग करायचं आहे. एक एजन्सी म्हणते, सहा महिन्यांत बी-२ करून देतो. आत्ताच पैसे भरू का?
— एक पालक, उमरेड

नका भरू. बी-२ पर्यंत गोएथेच्या अंदाजाने ४५ मिनिटांचे ६०० ते ८०० पाठ लागतात. सातशे धरा. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे, आठवड्याला सत्तावीस पाठ, म्हणजे वर्गातच वीस तास आणि घरचा अभ्यास वेगळा. दुसरं काहीही न करणाऱ्या मोठ्या माणसाला हे जेमतेम जमतं. दहावीच्या मुलीला शाळा सांभाळून जमणार नाही.

घाईचं कारणही नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ मागतात, पण तिची गरज नर्सिंगचं शिक्षण संपताना पडेल. गोएथेच्या प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, तरी मागणारी संस्था बऱ्याचदा एक-दोन वर्षांतलंच प्रमाणपत्र मागते. आत्ता काढलेलं प्रमाणपत्र तेव्हा जुनं ठरेल. बारावीपर्यंत ए-१, ए-२ सावकाश करू द्या, बी-१ आणि बी-२ नर्सिंगच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत. बी-१ आणि बी-२ ला चारही भाग वेगवेगळे देता येतात. बोलण्यात नापास झाली तर तेवढाच भाग पुन्हा द्यायचा, प्रत्येकाला शंभरपैकी साठ.

आणि इंग्रजी सोडून चालणार नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, बारावीत इंग्रजी उत्तीर्ण असावीच लागते, नर्सिंगची पुस्तकंही इंग्रजीत. नीट मराठीतून देता येते, जेईई मेनही देता येते, पण प्रवेश मिळाल्यावर हातात पडणारे ग्रंथ बहुतेक इंग्रजीच असतात.

पुढे कधी एजन्सीकडे जाल तेव्हा प्रमाणपत्र कोण देणार ते विचारा. गोएथे, टेल्क किंवा ओएसडी यांचं असेल तर ठीक. 'आमचंच प्रमाणपत्र आहे, तिकडे चालते' असं उत्तर आलं तर उठून या. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नका. शुल्काची पावती पातळीनुसार वेगवेगळी मागा, चारही पातळ्यांचे पैसे एकदम भरू नका.

अकरावी विज्ञानाला इंग्रजी सक्तीची आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घ्यावी की जर्मन?
— विद्यार्थिनी, वर्धमाननगर

शाळेत जर्मन झाली असेल तर जर्मन. दोन वर्षांचा खंड पडत नाही आणि आधीच येत असल्याने अभ्यासाचा भारही वाढत नाही. कोरी पाटी असेल तर आयटी बरी. अकरावीत पहिल्यांदा अक्षरओळख करून बारावीला चांगले गुण मिळतीलही, पण जेईईच्या धावपळीत भाषा पक्की होत नाही. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जाऊन जर्मनचा वर्ग खरोखर भरतो का ते बघ. माहितीपत्रकात नाव असतं, विद्यार्थी कमी म्हणून तुकडीच उघडत नाही, असं होतं.

मिहान औद्योगिक क्षेत्रात दसॉ या फ्रेंच विमान कंपनीचा कारखाना आहे. मुलाने फ्रेंच घेतली तर तिथे नोकरी लागेल का?
— एक पालक, महाल

फ्रेंचवर नाही. दसॉ-रिलायन्सच्या कारखान्यात विमानाचे भाग तयार होतात. तिथे आधी आयटीआय, पदविका किंवा अभियांत्रिकीचं कौशल्य बघतात आणि कामाची भाषा बहुतांशी इंग्रजी असते. चांगला फिटर असेल आणि वर फ्रेंच येत असेल तर प्रशिक्षणाच्या वेळी त्याला लोक ओळखतील, इतकंच.

मुलाला आवड असेल तर जरूर शिकू द्या. डेल्फ ही परीक्षा ए-१ ते बी-२ पर्यंत आहे. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, शंभरपैकी ५० ला पास, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर एकूण सत्तर असूनही नापास. आपली मुलं वाचण्या-लिहिण्यात भरपूर गुण मिळवतात आणि ऐकण्यात चारवर राहतात. फ्रेंच शब्दांच्या शेवटची व्यंजनं बरेचदा उच्चारली जात नाहीत आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तीच अचानक ऐकू येतात. त्यामुळे कागदावर ओळखीचं वाक्य कानाला परकं वाटतं. पहिल्या दिवसापासून वाचण्याआधी ऐकायचं, मग पुस्तक उघडायचं, एवढा क्रम मुलाला लावून द्या.